कमी तासांचा आठवडा: कामगार तो कधी घेतात, कधी नाकारतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कमी तासांचा आठवडा म्हणजे नेमकं काय?

या एकाच नावाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी चालतात, आणि बहुतेक वाद त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

पहिली, तास कमी पण पगार तोच. चाळीसचे बत्तीस तास, पगार शंभर टक्के, आणि कामही शंभर टक्के व्हावं अशी अपेक्षा. दुसरी, तास कमी आणि पगारही त्याच प्रमाणात कमी. तिसरी, तेवढेच तास पण कमी दिवसांत कोंबलेले: चार दिवस, रोज दहा तास. चौथी, दिवस तेवढेच पण रोजची पाळी लहान, म्हणजे आठऐवजी सहा तास. पाचवी, आजच्या पगाराला हात न लावता पुढची पगारवाढ पैशांऐवजी रजेच्या रूपात घेणं.

कोणी ‘चार दिवसांचा आठवडा’ म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारा: यातला कोणता? पहिल्या प्रकाराला नाही म्हणणारा माणूस शोधावा लागतो. दुसऱ्याला हो म्हणणारे फार थोडे असतात.

विचारलं तर सगळे हो म्हणतात. मग प्रत्यक्षात इतके थोडे लोक का घेतात?

कारण विचारताना किंमत सांगितलेली नसते. पण किंमत हे एकच कारण नाही. काम खरंच कमी होणार का, बाकीचे घेणार का, आणि नको वाटलं तर परत येता येईल का, या तीन प्रश्नांना कामगाराच्या मनात ‘बहुधा नाही’ असं उत्तर असतं. त्याचा हा अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. ‘लोकांना पैसाच प्यारा’ हा निष्कर्ष म्हणूनच आम्हाला घाईचा वाटतो. माणूस समोर आलेल्या देकारांमधूनच निवड करत असतो. देकार बदलला की तीच माणसं वेगळं निवडतात, आणि याचे चांगले पुरावे आहेत. ते पुढे येतीलच.

पगार २० टक्के कमी झाला तर घरात नेमका किती फरक पडतो?

२० टक्क्यांपेक्षा बराच जास्त. हा हिशेब एकदा कागदावर करून बघाच.

समजा एकूण पगार १०० आहे. कर आणि इतर कपाती १८, म्हणजे हातात ८२. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, विमा, वीज, किराणा या न टळणाऱ्या खर्चांना ५५ लागतात. उरतात २७. बचत, औषधपाणी, कपडे, प्रवास, अडीअडचण हे सगळं या २७ मधून भागतं.

आता पगार ८० झाला. कर चढत्या दराने लागत असेल तर कपाती प्रमाणापेक्षा थोड्या जास्त उतरतात, १२ धरू. हातात आले ६८. न टळणारे खर्च मात्र ५५ च आहेत. उरले १३.

म्हणजे मालकाच्या कागदावर कपात २० टक्के, बँक खात्यात साधारण १७ टक्के, आणि ज्या पैशावर घराचा श्वास चालतो त्यात ५२ टक्के. जाण्यायेण्याचा खर्च एका दिवसाने वाचला, पाळणाघराचा एक दिवस वाचला, असं मिळून ३ परत आले असं धरलं तरी उरतात १६, म्हणजे घट ४१ टक्के.

ज्याचा न टळणारा खर्च ७० आहे त्याच्यासाठी तर हा प्रश्नच उद्भवत नाही. ६८ मध्ये ७० भागत नाहीत. कर्ज फिटलेले, घरात दोन पगार येणारे, मुलं मोठी झालेले लोक कमी तास घेताना दिसतात ते याचमुळे. वयापेक्षा किंवा कामाच्या आवडीपेक्षा हप्त्याचा आकडा याबद्दल जास्त सांगतो.

अर्ज करण्याआधीची सगळ्यात उपयोगी तयारी: तीन महिने घटलेल्या पगारावरच घर चालवून बघा. फरकाची रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला तर उत्तर मिळालं. लागला नाही, तर अडीअडचणीसाठी थोडी गंगाजळीही तयार झाली.

ताशी दर वाढला की माणूस कमी काम करतो की जास्त?

दोन्ही ओढी एकाच वेळी काम करतात. दर वाढला की तेवढ्याच पैशासाठी कमी तास पुरतात, म्हणून माणूस तास कमी करू शकतो. पण त्याच वेळी मोकळा बसलेला प्रत्येक तास आधीपेक्षा महाग होतो, म्हणून तो जास्तही राबू शकतो. कोणती ओढ जिंकेल हे त्याच्या गरजा किती भागल्या आहेत यावर ठरतं.

केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३० साली अंदाज बांधला होता की शंभर वर्षांत माणसं आठवड्याला पंधरा तास काम करून सुखाने राहतील. उत्पन्न वाढण्याचा त्याचा अंदाज बराचसा खरा ठरला. तासांचा साफ चुकला. गरजा एका जागी थांबत नाहीत, आणि घर, शिक्षण, उपचार या गोष्टींचे भाव लोकांच्या कमाईबरोबर चढत जातात, हे त्याच्या हिशेबात कमी पडलं.

पगार कापण्याऐवजी पगारवाढ सोडून वेळ घेतला तर?

हाच मार्ग सगळ्यात जास्त चालतो. हातात आलेलं सोडणं जड जातं. जे अजून आलंच नाही ते सोडणं त्या मानाने सोपं. घरखर्चही आजच्या पगारावर बसलेला असतो, पुढच्या वाढीवर नाही.

जर्मन रेल्वेत २०१६ च्या शेवटी झालेल्या करारात कामगारांना तीन पर्याय दिले होते: २.६ टक्के पगारवाढ, आठवड्याला एक तास कमी काम, किंवा वर्षाला सहा दिवस जादा रजा. तिन्हींची किंमत जवळपास सारखीच, कारण ३९ तासांतला एक तास म्हणजे साधारण २.६ टक्केच. निम्म्याहून जास्त लोकांनी रजा घेतली. बाकीच्या बहुतेकांनी पैसे घेतले. आठवड्याचा एक तास घेणारे अगदी मोजके निघाले.

ही निवड नीट बघण्यासारखी आहे. आठवड्याला एक तास म्हणजे पाच दिवसांत वाटला तर रोज बारा मिनिटं. ती बारा मिनिटं दारातून निघता निघता आलेल्या एका फोनमध्ये किंवा चुकलेल्या एका गाडीत संपतात, आणि महिनाभराने आपण काही घेतलं होतं हेही आठवत नाही. सहा दिवस मात्र कॅलेंडरवर दिसतात. ते कोणाला परत मागावे लागले तर तोंडाने मागावे लागतात.

२०१८ साली जर्मनीतल्या धातू आणि विद्युत उद्योगातल्या आयजी मेटाल या युनियनने असाच करार केला. पाळीत काम करणाऱ्यांना, लहान मुलं किंवा आजारी नातेवाईक सांभाळणाऱ्यांना महिन्याच्या पगाराच्या २७.५ टक्के इतका वार्षिक भत्ता पैशात घ्यायचा की आठ दिवस रजेत, हे निवडता येऊ लागलं. त्या पैशांत खरं तर सहाच दिवस बसतात. वरचे दोन मालकाकडून. लाखाहून अधिक लोकांनी दिवस मागितले. त्याच करारात पगार घटवून ३५ ऐवजी २८ तासांचा आठवडा घेण्याचीही सोय होती. ती घेणारे त्या मानाने फारच थोडे.

उद्योग एकच, युनियन एकच, माणसं तीच. वेळ कोणत्या आकारात दिला यावर उत्तर बदललं.

सुट्टीचा वार कोणता हे खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

हो. आपण मोकळे असताना आपली माणसंही मोकळी असतील तर त्या वेळेची किंमत वाढते. जोडीदार कामावर, मुलं शाळेत, मित्र ऑफिसात, असा बुधवार बहुतेकांच्या बाबतीत घरकामात आणि सरकारी कामांत जातो. तो वाया जात नाही, कारण त्यामुळे शनिवार-रविवार रिकामे होतात. पण त्याचं सुख उशिरा कळतं. शुक्रवार किंवा सोमवार जोडून मिळाला तर ताबडतोब जाणवतं. म्हणूनच तो सगळ्यांना हवा असतो आणि टीममध्ये भांडणं होतात. वार पाळीपाळीने फिरवा, आणि फिरवण्याचा क्रम निदान तीन महिने आधी जाहीर करा.

मी एकट्यानेच घेतलं तर बढतीवर परिणाम होईल का?

बहुतेक ठिकाणी होतो, आणि हे लपवण्यात कोणाचाच फायदा नाही.

जिथे कामाचं माप घेणं अवघड असतं तिथे वरिष्ठ तासांकडे बघून निष्ठा मोजतात. अमेरिकेतल्या मोठ्या वकिली फर्मांवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. भागीदारी कोणाला द्यायची हे ठरवताना तास बघितले जातात. तरुण वकिलांपैकी पुष्कळांना पगारवाढीऐवजी कमी तास चालले असते. पण एकटा कमी करेल तो ‘कमी तळमळीचा’ ठरेल, म्हणून कोणीच करत नाही. सगळ्यांना नको असलेले तास सगळेच भरत राहतात.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या कामातून याची दुसरी बाजू कळते. वकिली आणि वित्तक्षेत्रात दुप्पट तास भरणाऱ्याला दुपटीपेक्षा जास्त पैसे मिळतात, म्हणजे कमी तास घेणाऱ्याचा ताशी दरही पडतो. औषधनिर्मात्यांच्या पेशात उलट आहे: एका औषधनिर्मात्याच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, नोंदी सगळ्यांना दिसतात, म्हणून कमी तासांना जवळपास तोच ताशी दर मिळतो. तुमचं काम दुसरा कोणी सहज हाती घेऊ शकतो का, यावर तुमच्या कमी तासांची किंमत ठरते. माहिती एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता लिहून ठेवणं हा त्यावरचा थेट उपाय आहे.

एकट्याने अर्ज करण्यापेक्षा विभागाने मिळून मागणी करावी, असा आमचा सल्ला असतो तो यासाठी. आठवड्याची दोन दिवसांची सुट्टी वैयक्तिक अर्जांनी आलेली नाही. कुठे संपाने, कुठे कायद्याने, कुठे १९२६ साली फोर्डने केलं तसं एका मालकाने संपूर्ण कारखान्याला लागू केल्याने आली. सगळ्यांना एकदम मिळाली, म्हणून ती घेणारा कोणी आळशी ठरला नाही.

चार दिवस घेतले, पगार घटला, पण काम पाच दिवसांचंच राहिलं. काय करावं?

कमी तास सोडून परत पूर्णवेळ जाणाऱ्यांकडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार हीच. होतं असं: करारात तास बदलतात, पगारपत्रकात आकडा बदलतो, पण टार्गेट, ग्राहकांची यादी आणि रोजच्या मीटिंगा यांना कोणी हात लावत नाही. मॅनेजरच्या लेखी हे घडतच नाही, कारण त्याला दिसतं ते काम वेळेवर होताना.

यावर उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. अर्जाच्या आधी दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा: काय केलं, कोणी सांगितलं, न केलं असतं तर काय बिघडलं असतं. चाळीस तासांच्या अशा नोंदीतून आठ तास निघाले पाहिजेत. त्यातले काही मीटिंगांतून निघतील, काही कोणी न वाचणाऱ्या अहवालांतून. पण सगळे आठ तिथून निघाले असं क्वचितच होतं, आणि इथे प्रामाणिक राहणं गरजेचं आहे. साधारण निम्मे तरी दुसऱ्या कोणाकडे सोपवावे लागतात. त्या माणसाचं नाव आणि त्या कामाचं नाव अर्जाला जोडा. ‘जमेल तसं बघू’ या बोलीवर सही करू नका. टार्गेट आकड्यात असेल तर त्याच कागदावर ते १०० वरून ८० झालेलं दिसलं पाहिजे.

सुट्टीच्या दिवशी फोन आला तर? पहिल्या महिन्यात उचलला की तो नियम होतो. तातडी कशाला म्हणायचं आणि त्या दिवशी कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असेल तर न उचलण्यात उर्मटपणा वाटत नाही.

कंपन्या स्वतःहून कमी तासांच्या चांगल्या नोकऱ्या का काढत नाहीत?

कारण प्रत्येक माणसामागे काही खर्च तासांवर अवलंबून नसतात: भरती, प्रशिक्षण, विमा, संगणक, बसण्याची जागा, त्याच्यावर देखरेख. चाळीस तासांची चार माणसं आणि बत्तीस तासांची पाच माणसं सारखेच १६० तास देतात, पण दुसऱ्या व्यवस्थेत हा खर्च पाच वेळा येतो. आरोग्यविमा जिथे मालकाच्या डोक्यावर असतो तिथे ही ओढ जास्तच. अमेरिकेत आठवड्याला सरासरी ३० किंवा जास्त तास काम करणारा विम्याच्या कायद्यात पूर्णवेळ धरला जातो, आणि मोठ्या मालकाला त्याला विमा द्यावा लागतो. म्हणून तिथे एकीकडे भरपूर तासांच्या विमा असलेल्या नोकऱ्या दिसतात, दुसरीकडे ३० च्या खाली ठेवलेल्या विनाविम्याच्या. मधली चांगली नोकरी फार कमी. अशा ठिकाणी ‘कामगाराने जास्त तास निवडले’ म्हणण्यात अर्थ नाही. त्याने विमा निवडला.

केलॉगच्या कारखान्यात सहा तासांची पाळी होती म्हणतात. ती बंद का पडली?

अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे केलॉग कंपनीने १९३० च्या डिसेंबरात आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू केल्या. मंदीचा काळ होता. गावातल्या जास्त लोकांना काम मिळावं हा एक हेतू. ताशी दरही वाढवला, म्हणजे पगार तासांच्या प्रमाणात पडला नाही. कामगारांना ही व्यवस्था आवडली होती.

दुसऱ्या महायुद्धात आठ तास परत आले. युद्धानंतर कोणता विभाग किती तास चालवायचा यावर कामगारांची मतं घेतली जाऊ लागली, आणि एकेक विभाग आठ तासांकडे सरकत गेला. पुरुषांचे विभाग आधी गेले. स्त्रिया जास्त असलेले विभाग कितीतरी वर्षं सहा तासांना धरून राहिले. शेवटची सहा तासांची पाळी १९८५ साली बंद झाली.

कारणं एकात एक गुंतलेली होती. प्रत्येक कामगारामागे द्याव्या लागणाऱ्या विम्यासारख्या लाभांचा खर्च वाढला तशी कंपनीला कमी माणसं, जास्त तास हे सोयीचं झालं. शेजारचा आठ तासांवाला जास्त कमाई घरी नेतो हे रोज दिसत होतं. आणि जसजसे सहा तासांवाले कमी होत गेले तसतसं ते ‘खरं’ पूर्णवेळ काम मानलं जाईना. कमी तास टिकवायचे तर ते मोठ्या गटाने टिकवावे लागतात, याचं इतकं लांबवर दिसणारं उदाहरण दुसरं क्वचितच असेल.

रुग्णालय, कारखाना, सुरक्षा अशा चोवीस तासांच्या कामांत हे शक्य आहे का?

शक्य आहे, पण तिथे माणसं वाढवावीच लागतात. ‘तेवढंच काम कमी वेळात’ हे गणित तिथे लागू नाही, कारण हजर असणं हेच काम आहे.

एक जागा आठवडाभर चोवीस तास भरलेली ठेवायची तर १६८ तास लागतात. माणशी ४० तास धरले तर ४.२ माणसं, ३२ धरले तर ५.२५. रजा, आजारपण, प्रशिक्षण यात १२ टक्के वेळ जातो असं धरलं तर आकडे साधारण ४.८ आणि ६ होतात. अशा दहा जागा असतील तर ४८ च्या जागी ६० माणसं. शिवाय सहा तासांच्या पाळ्या केल्या तर दिवसातली हातबदली तीनऐवजी चार वेळा होते. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं दोन्ही माणसं लागतात, आणि निरोप हुकण्याची एक जागा वाढते.

स्वीडनमध्ये गोटेनबर्गच्या स्वार्तेदालेन वृद्धाश्रमात २०१५ पासून जवळपास दोन वर्षं सहा तासांचा प्रयोग झाला. कर्मचाऱ्यांची प्रकृती सुधारली, आजारपणाच्या रजा घटल्या, आश्रमातल्या वृद्धांना वेळ जास्त मिळू लागला. पण नवी माणसं घ्यावी लागली, त्यांचा खर्च पालिकेला कायमचा उचलता आला नाही, आणि प्रयोग थांबला. त्याच शहरातल्या टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरने मात्र मेकॅनिकांसाठी सहा तासांच्या दोन पाळ्या केल्या आणि ते चाललं. तिथे महागडी यंत्रं आणि जागा आधीपेक्षा जास्त तास वापरात आली, त्यातून खर्च निघाला. यंत्र किंवा जागा रिकामी पडून असेल तिथे लहान पाळ्या फायद्याच्या ठरू शकतात.

दहा तासांचे चार दिवस हा सोपा मार्ग नाही का?

पगार कापला जात नाही, प्रवासाचा एक दिवस वाचतो, म्हणून कागदावर सोपा दिसतो. जाऊन-येऊन रोज दीड तास लागत असेल तर आठवड्याला दीड तास खरोखर वाचतो. बेल्जियमने २०२२ मध्ये कामगारांना पूर्णवेळ आठवडा चार दिवसांत भरण्याची मागणी करण्याचा हक्क दिला. अमेरिकेतल्या यूटा राज्याने २००८ मध्ये बहुतेक सरकारी कार्यालयं चार दिवसांची केली होती. शुक्रवारी दारं बंद म्हणून नागरिकांच्या तक्रारी आल्या, वीजबचत वाटली तेवढी झाली नाही, आणि २०११ मध्ये ते मागे घेतलं.

अडचण शेवटच्या दोन तासांत असते. उभ्याचं काम, उष्णता, बारीक नजर किंवा वाहन चालवणं असेल तर नवव्या-दहाव्या तासाला चुका वाढतात. दहा तासांचं काम, अर्ध्या तासाची सुट्टी आणि दीड तासाचा प्रवास मिळून घराबाहेर बारा तास. पाळणाघर त्याआधीच बंद होतं. लहान मुलांचे आईबाप याला नाही म्हणतात ते तेवढ्यासाठी. मुलं नसलेल्या आणि लांबून येणाऱ्या लोकांना हीच व्यवस्था मनापासून आवडते.

रोजंदारीवर किंवा नगावर काम करणाऱ्यांचं काय?

त्यांच्यातल्या पुष्कळांना कमी नाही, जास्त तास हवे आहेत. उद्या काम मिळेल की नाही हे माहीत नसलेला माणूस आज मिळालेला तास सोडत नाही. त्यांच्यासाठी पहिली मागणी वेगळी: किमान तासांची हमी आणि आठवडाभर आधी कळणारं वेळापत्रक. ताशी दर इतका असला पाहिजे की कमी तासांत घर चालेल. त्याआधी कमी आठवड्याची गोष्ट त्यांच्यापुढे काढणं अन्यायाचं आहे.

कमी तास घेणाऱ्यांत स्त्रियाच जास्त का दिसतात?

घरचं बिनपगारी काम त्यांच्याकडे असतं म्हणून. त्यांच्या बाबतीत ‘निवड’ हा शब्द जपून वापरावा. नेदरलँड्समध्ये २००० साली असा कायदा झाला की दहा किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने तास कमी किंवा जास्त करण्याची विनंती सबळ कारणाशिवाय नाकारायची नाही. तिथे कमी तासांची नोकरी सन्मानाची झाली, पुरुषही घेऊ लागले, आणि सगळ्या कामगारांचा सरासरी आठवडा सुमारे ३२ तासांवर आहे. तरीही स्त्रिया आणि पुरुष यांच्या तासांत मोठी दरी आहेच.

परत पूर्णवेळ येता न येणं हा सगळ्यात मोठा धोका. मूल लहान असताना घेतलेले कमी तास मूल मोठं झाल्यावरही गळ्यात राहतात, आणि त्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत जातो. जर्मनीने २०१९ पासून यावर तोड काढली: ४५ पेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून घेता येतात आणि मुदत संपली की आधीच्या तासांवर परतण्याचा हक्क असतो. परतीचा हक्क असेल तर घेणारेही वाढतात, कारण निर्णय आयुष्यभराचा राहत नाही.

कमी तासांत उत्पादन खरंच टिकतं?

कुठून कुठे आणता यावर आहे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी नंतर तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की आठवड्याला सुमारे ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढतं, पुढे वाढीचा वेग घसरतो, आणि ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं जास्त नसतं. म्हणजे सत्तरवरून छप्पन्नवर येणं जवळपास फुकट पडतं. चाळीसवरून बत्तीसवर येणं आपोआप फुकट पडत नाही. तिथे कामाची पद्धत बदलावी लागते.

ब्रिटनमध्ये २०२२ च्या जून ते डिसेंबर या काळात ६१ कंपन्या आणि सुमारे २,९०० कामगारांनी पगार न कापता तास कमी केले. प्रयोग संपल्यावर ५६ कंपन्यांनी तो चालू ठेवला. नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्क्यांनी घटलं. मात्र या कंपन्या स्वतःहून पुढे आलेल्या होत्या, बऱ्याचशा ऑफिसकामाच्या आणि लहान. आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान रेक्याविक शहर आणि सरकारी खात्यांतल्या अडीच हजार लोकांवर झालेला प्रयोग आम्हाला जास्त वजनाचा वाटतो, कारण त्यात शाळा, रुग्णालयं, समाजसेवा अशी सगळी कामं होती. तिथे घट ४० वरून ३५-३६ तासांची, म्हणजे जास्त माफक होती, आणि पुढे युनियनांनी ती करारांत आणली.

आरोग्याची बाजू स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र मांडलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५-४० तासांवाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त असतो.

कायद्यानेच तास कमी केले तर प्रश्न सुटतो?

अर्धा. फ्रान्सने १९९८ आणि २००० च्या कायद्यांनी आठवडा ३५ तासांचा केला, पण ३५ ही कामाची कमाल मर्यादा नाही. त्यापुढचे तास जादा कामाच्या दराने मोजले जातात. एरवी पहिल्या आठ जादा तासांना २५ टक्के वाढीव दर. त्यामुळे पूर्णवेळ कामगार सरासरीने ३५ पेक्षा जास्तच तास भरतात. बऱ्याच कंपन्यांनी दर आठवड्याला तास कमी करण्याऐवजी वर्षाकाठी जादा रजा दिल्या, आणि कामगारांना आवडल्या त्या रजाच.

अर्जावर सही करण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

रजेचा हिशेब दिवसांत नको, तासांत हवा. पूर्णवेळात २५ रजा म्हणजे २०० तास. ८० टक्क्यांवर १६० तास, म्हणजे आठ तासांचे २० दिवस. सार्वजनिक सुट्ट्यांचंही तसंच. तुमचा मोकळा वार सोमवार असेल आणि त्या वर्षी सोमवारी पाच सुट्ट्या आल्या तर त्या बुडतात. तासांत हिशेब असेल तर बुडत नाहीत.

जादा काम कुठून सुरू होतं ते विचारा. करार ३२ तासांचा असताना ३३ ते ४० हे तास पुष्कळ ठिकाणी साध्या दराने दिले जातात. मग मालकाला तुम्हाला जास्त वेळ थांबवून घेण्यात तोटा काहीच राहत नाही.

निवृत्तीचे लाभ शेवटच्या पगारावर ठरत असतील तर शेवटच्या वर्षांत तास कमी करणं फार महागात पडतं. आधीची पूर्णवेळ वर्षं वेगळी धरली जातील का, हे लेखी घ्या. प्रसूतीचा किंवा आजारपणाचा भत्ता मागच्या काही महिन्यांच्या सरासरीवर असेल तर अर्जाची तारीख त्याप्रमाणे पुढे-मागे करा. घरकर्ज घ्यायचं असेल तर ते आधी मंजूर करून घ्या.

आणि परतीची तारीख. ‘सहा महिन्यांनी पुनर्विचार’ असं मोघम नको. ‘अमुक तारखेला, कोणतंही कारण न देता, आधीच्या तासांवर आणि आधीच्या पदावर’ असं हवं.

एकदा घेतल्यावर लोक पाच दिवसांकडे परत जातात का?

पगार कापला असेल आणि काम तेवढंच राहिलं असेल तर बरेच जातात, तेही वर्षभराच्या आत. पगार तोच असेल तर जवळपास कोणाला जायचं नसतं; ब्रिटनच्या त्या प्रयोगात १५ टक्के कामगार म्हणाले की कितीही पैसे दिले तरी पाच दिवसांच्या नोकरीवर जाणार नाही. प्रयोग करायचाच तर निदान सहा महिने करा. पहिले सहा-आठ आठवडे कामाची घडी बसवण्यात जातात आणि त्या काळात बहुतेकांना आधीपेक्षा जास्त थकायला होतं. तिथेच निर्णय घेतला तर तो चुकतो.